साथ आणि सद्योव्रण

गोदावरीच्या काठी वसलेले आमचे पुणतांबे हे चांगदेवांचे समाधिस्थान होय. योगबलाच्या जोरावर चांगदेवांनी चौदाशे वर्षे काळास दाराबाहेर तिष्ठत ठेविले, ही कथा येथील लहान मुलेही सांगतात. आम्हां सामान्यांस काळ इतकी सवड देत नाही. मोठा अपघात झाला असता पहिल्या तासाभरात योग्य उपचार मिळाले, तर माणूस वाचण्याचा संभव सर्वांत अधिक असतो, असे शल्यविद्येतील जाणते सांगतात. या तासास ते ‘गोल्डन अवर’ म्हणतात, आणि मोटार वाहन कायद्यातही २०१९ सालच्या दुरुस्तीने त्याची व्याख्या घातलेली आहे. आमच्या जुन्या मापाने हा तास म्हणजे अडीच घटिका. साथीच्या दिवसांत जखमी माणसाच्या या अडीच घटिकांचे काय होते, हे आज वाचकांपुढे मांडावयाचे आहे. विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल. परंतु ज्या घरात एक दुचाकी आणि एक वृद्ध माणूस आहे, त्या प्रत्येक घराचा हा विषय आहे.

आमच्या प्राचीन वैद्यकात साथ आणि जखम यांचा विचार निरनिराळ्या ठिकाणी केलेला आढळतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात ‘जनपदोद्ध्वंसनीय’ नावाचा अध्याय आहे. गंगातीरी कांपिल्य येथे भगवान पुनर्वसू आत्रेय आपला शिष्य अग्निवेश यास समजावून देतात की, माणसांची प्रकृती, आहार, बल व वय भिन्न असूनही एकाच काळी एकाच व्याधीने मुलूखच्या मुलूख ओस पडतो. कारण वायू, उदक, देश आणि काल ही चार सर्वांस समान असतात. इकडे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात नुकत्या झालेल्या जखमेचा, म्हणजे सद्योव्रणाचा, स्वतंत्र अध्याय आहे. छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट असे तिचे सहा प्रकार तेथे वर्णिले असून पुढच्याच अध्यायात मोडलेल्या हाडांची चिकित्सा येते. हे ग्रंथ आम्ही वाचले तेव्हा दोन्ही अध्याय आम्हांस परस्परांपासून फार दूर वाटले. ते दोन्ही एका रात्री एकाच दारात येऊन उभे राहतील आणि त्यांपैकी एकासच आत जागा मिळेल, हे आम्हांस २०२१ सालापर्यंत कळले नव्हते.

त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यातील गोष्ट. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने महाराष्ट्रात कहर मांडला होता आणि संचारबंदी सुरू होती. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा औषधांच्या दुकानात नोकरीस आहे. औषधांची दुकाने बंद ठेवणे शक्यच नव्हते. संध्याकाळी सातच्या सुमारास दुकान आटोपून तो दुचाकीवरून घरी येत असता, रस्त्याच्या कडेस बिघडून उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला. ट्रॉलीस मागे दिवा नव्हता, चमकती पट्टीही नव्हती. डाव्या मांडीचे हाड मोडले. जवळच्या शेतातील दोघा गड्यांनी धावत येऊन, त्यांस सुचली तशी, त्याची उचलबांगडी करून त्यास झाडाखाली आणून निजविले.

रुग्णवाहिकांच्या गाड्या साथीचे रुग्ण घेऊन दूरदूर गेल्या होत्या. म्हणून शेजाऱ्यांच्या जीपमधून आम्ही त्यास नेले. पहिल्या रुग्णालयाच्या फाटकावरच ‘फक्त कोविड रुग्णांसाठी’ अशी पाटी होती. दुसऱ्या ठिकाणी पोहोचलो तो नऊ वाजून गेले होते. तेथील डॉक्टर आमचाच जुना विद्यार्थी. त्यास पाहून आमच्या जिवात जीव आला. तो अंगावर ते पांढरे पीपीईचे वेष्टण घालूनच पायरीवर आला, त्याने जीपमध्येच मुलाची नाडी पाहिली, पाय फळीस बांधला, सलाइन लावून दिले, आणि मग म्हणाला, “गुरुजी, आत घेतो म्हणालो तर तुमच्यापाशी खोटे बोलल्यासारखे होईल. माझ्याकडे आज भूल देणारे कोणी नाही.” त्याने पुढच्या रुग्णालयास स्वतः फोन केला. तथापि त्या क्षणी आमच्या मनात रागाखेरीज दुसरे काही नव्हते. आम्ही त्यास एक शब्दही न बोलता जीप वळविण्यास सांगितले.

तिसऱ्या रुग्णालयाने मुलास आत घेतले तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा झाले होते. अडीच घटिकांच्या जागी दहा घटिकांहून अधिक काळ लोटला होता. नंतर तेथे त्याची तपासणी झाली, आणि ताप नाही, खोकला नाही, अशा त्या मुलास कोरोना असल्याचे निघाले. शस्त्रक्रिया लांबणीवर पडली. तेरा दिवस पायास वजन लावून त्यास ताणून ठेविले. आमच्या भावजयीस त्याच्या खाटेपाशी जाण्याची मुभा नव्हती. ती खालच्या अंगणात उभी राहून वरच्या मजल्यावरील खिडकीकडे पाहत असे. अखेर शस्त्रक्रिया होऊन हाडात दांडा बसविला गेला. मुलगा वाचला, आज चालतो, कामासही जातो. परंतु मधल्या दिवसांत स्नायू आखडले आणि पाय थोडा आखूड राहिला. चालताना तो अंमळ ओढतो.

दिवाळीनंतर आमचा तो विद्यार्थी आपण होऊन घरी आला. राग शमला होता, पण गेला नव्हता. आम्ही त्यास स्पष्टच विचारले, “त्या रात्री तुझे दार बंद का होते?” त्याने पाटीवर हिशेब मांडावा तसा आमच्यापुढे हिशेब मांडला. पुढे आम्ही इतर डॉक्टरांस विचारून व छापील माहिती वाचून तो पडताळून पाहिला. जखमी माणसास रुग्णालयाकडून पाच गोष्टी लागतात: जागा, माणूस, प्राणवायू, रक्त आणि वेळ. साथ या पाचांवर एकाच वेळी हात घालते.

पहिली गोष्ट जागेची. साथीच्या रुग्णास खाट लागते ती दोन-दोन, तीन-तीन आठवडे. आणि मोठ्या जखमेच्या रुग्णास शस्त्रक्रियेनंतर जो अतिदक्षता विभाग लागतो, तोच कोरोनाच्या अत्यवस्थ रुग्णास लागतो. मे २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे नियमन आपल्या हाती घेतले. मुंबईचे नायर रुग्णालय एप्रिल २०२० मध्ये कोरोनासाठी राखले गेले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे जयप्रकाश नारायण यांच्या नावाचे केंद्र मुळी अपघातातील जखमींसाठीच बांधलेले. तेही मार्च २०२० च्या अखेरीस कोरोना रुग्णालय झाले आणि जखमींची व्यवस्था मुख्य रुग्णालयात हलवावी लागली. हे निर्णय घेणारांस दोष देता येत नाही. घरास आग लागली असता माणूस हाती लागेल ती घागर उचलतो. परंतु ती घागर कोणाच्या पिण्याच्या पाण्याची होती, हे आग विझल्यावर तरी पाहावयास नको काय?

दुसरी गोष्ट माणसाची. भूलतज्ज्ञाचे काम श्वासनलिकेत नळी घालण्याचे. जखमीच्या शस्त्रक्रियेस जसा तो हवा, तसाच व्हेंटिलेटरवरील रुग्णासही तोच हवा. शिवाय नळी घालताना रुग्णाचा श्वास सरळ त्याच्या तोंडावर येतो. म्हणून संसर्गाचा धोकाही त्यासच मोठा. आमच्या विद्यार्थ्याचा एकुलता भूलतज्ज्ञ त्या आठवड्यात स्वतःच तापाने निजला होता.

तिसरी गोष्ट प्राणवायूची. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीस गळती लागून पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या दिवसांत एकेका सिलिंडरसाठी रुग्णालयांची धावपळ चालली होती, आणि भूल देऊन करावयाची मोठी शस्त्रक्रिया प्राणवायूवाचून होत नाही.

चौथी गोष्ट रक्ताची. मांडीचे हाड मोडले तर बाहेर थेंबही न दिसता आतल्या आत लिटरभर किंवा त्याहून अधिक रक्त वाहून जाऊ शकते. इकडे रक्तदानाची शिबिरे बंद, महाविद्यालये बंद. त्यात मार्च २०२१ मध्ये लस घेतल्यावर २८ दिवस रक्तदान करू नये असा नियम झाला. मे महिन्यात ही मुदत १४ दिवसांवर आणली गेली. रक्त हे धान्यासारखे कणगीत भरून ठेवता येत नाही. पिशवीतील रक्त साधारण पाच-सहा आठवडेच टिकते.

पाचवी गोष्ट वेळेची, आणि सर्वांत क्रूर हीच. प्रयोगशाळेतील तपासणीचा निकाल येण्यास एक-दोन दिवस लागत. निकालाची वाट पाहावी तर जखमी हातचा जातो. न पाहावी तर साऱ्या कक्षास संसर्ग होण्याचे भय. आणि हे भय निराधार नव्हते. २४ देशांतील २३५ रुग्णालयांतल्या ज्या १,१२८ रुग्णांस शस्त्रक्रियेच्या सुमारास कोरोना झालेला होता, त्यांची पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. त्यांत शंभरांपैकी सुमारे चोवीस रुग्ण महिन्याभरात मरण पावले होते. आमच्या पुतण्यास तेरा दिवस का थांबविले, याचे उत्तर आम्हांस येथे मिळाले.

हे दुःख एकट्या आमच्या घरचे नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली १०५ देशांकडून माहिती घेतली. त्यांपैकी २२ टक्के देशांत अहोरात्र चालणाऱ्या तातडीच्या विभागांत, २३ टक्के देशांत तातडीच्या रक्तपुरवठ्यात आणि १९ टक्के देशांत तातडीच्या शस्त्रक्रियांत खंड पडल्याचे आढळले.

आता महाराष्ट्राचे आकडे पाहू. २०१९ साली राज्यात रस्त्यावरील सुमारे ३२,९०० अपघात झाले आणि त्यांत सुमारे १२,८०० माणसे मेली. २०२० साली टाळेबंदीमुळे अपघात सुमारे २४,९०० वर आले. परंतु मृत्यू सुमारे ११,५०० झाले. म्हणजे अपघात जवळजवळ चतुर्थांशाने घटले, मृत्यू मात्र दहांत एक इतकेच घटले. दर शंभर अपघातांमागे २०१९ साली ३९ माणसे मरत, ती २०२० साली ४६ झाली आणि २०२१ सालीही तितकीच राहिली. या वाढीचे सारे खापर रुग्णालयांच्या बंद दारांवर फोडणे न्यायाचे होणार नाही. मोकळ्या रस्त्यावर वाहने बेफाम धावली, लहानसहान अपघात नोंदलेच गेले नाहीत, अशीही कारणे असू शकतील. तरी रस्ते ओस असताना मरणाचे प्रमाण वाढावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

रस्त्यावरील अपघात घटले तरी घरातील पडझड घटली नाही. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडणाऱ्या वृद्धांची संख्या टाळेबंदीतही पूर्वीसारखीच राहिली, असे अनेक देशांतील डॉक्टरांस दिसून आले. आणि ज्यांस वाहनच मिळाले नाही, त्यांची कथा तर याहून करुण. ८ मे २०२० रोजी पहाटे औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील करमाडजवळ, जालन्याहून रुळांच्या मार्गाने पायी निघालेले १६ मजूर मालगाडीखाली सापडून मरण पावले. प्रवासी गाड्या बंद, म्हणून रुळांवर गाडी येणार नाही असे समजून ते थकून तेथेच निजले होते. आमचे गाव रेल्वेचे जंक्शन. ती वार्ता वाचल्यावर कित्येक दिवस स्टेशनाकडे फिरावयास जाणे आम्हांस नकोसे झाले होते.

येथे कोणी म्हणेल की, साथ ही दैवी आपत्ती. तीत असे व्हावयाचेच. आम्हांस हे मान्य नाही. जखमीस दारातून परत पाठविण्याचे दुखणे साथीच्या फार पूर्वीचे आहे. ८ जुलै १९९२ रोजी बंगालमध्ये मथुरापूर स्टेशनात हकीम शेख नावाचा मजूर गाडीतून पडून त्याच्या डोक्यास जबर मार बसला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्यास खाट नाही म्हणून परत पाठविले. शेवटी खासगी रुग्णालयात सुमारे १७,००० रुपये खर्चून त्यास उपचार घ्यावे लागले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भंग होय. आणि त्यास २५,००० रुपये भरपाई देवविली. त्याआधी १९८९ सालीच, परमानंद कटारा यांच्या याचिकेवर, जखमीचा जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टराचे आद्य कर्तव्य असून कायद्याच्या सोपस्कारांनी ते अडवू नये, असे याच न्यायालयाने बजावले होते. साथ नसतानाही जेथे खाट मिळत नव्हती, तेथे साथीत ती कोठून मिळावी? कोरोनाने हे जुने दुखणे सर्वांच्या डोळ्यांपुढे आणले, इतकेच.

मग उपाय काय? आमच्या विद्यार्थ्याचे उत्तर फार साधे होते: “दोन दारे हवीत, गुरुजी. साथीचे दार वेगळे आणि जखमीचे वेगळे.” विचार करता आमच्या ध्यानी आले की, हे शहाणपण या भूमीस नवे नाही. १८९७ साली पुण्यास प्लेग आला तेव्हा सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी रुग्णांसाठी दवाखाना उघडला तो गावाबाहेर, ससाणे मळ्यात. मुंढव्याहून एका आजारी मुलास उचलून तेथे आणताना सावित्रीबाईंस संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेविला. त्याच वर्षी साथीच्या रोगांचा जो कायदा झाला, तोच मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू करण्यात आला. कायदा आम्ही सव्वाशे वर्षे जपून ठेविला. गावाबाहेरच्या दवाखान्याचा धडा मात्र आम्हांस पुन्हा नव्याने गिरवावा लागला. मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलात आणि पुण्यास अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर २०२० साली मोठी तात्पुरती रुग्णालये उभी राहिली. आमच्याच जिल्ह्यात पारनेर तालुक्यातील भाळवणीस २०२१ साली लोकांच्या सहभागातून मोठे केंद्र चालले. साथीचे सौम्य रुग्ण असे बाहेर सांभाळले गेले, तर रुग्णालयाचे एक दार मोकळे राहते. पुढील साथीत ही व्यवस्था पहिल्याच आठवड्यात व्हावी. आणि प्रत्येक तालुक्यात निदान एका रुग्णालयातील चार खाटा, एक शस्त्रक्रियागृह व एक भूलतज्ज्ञ हे काही झाले तरी साथीच्या कामास जुंपू नयेत. प्रत्येक जखमी संसर्गित आहे असे धरून, पूर्ण वेष्टणानिशी, तपासणीच्या निकालाची वाट न पाहता जीव वाचविणारे उपचार सुरू करावेत.

हे शासनाने करावयाचे. घराने करावयाचेही थोडे आहे, आणि ते आम्ही आमच्या घरी लिहून माजघराच्या भिंतीस लाविले आहे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी घालून ती जखमेवर घट्ट दाबून धरावी; वरचेवर उचलून पाहू नये. जखमेवर हळद, चहाची पूड असले काही भरू नये. रुतलेली वस्तू ओढून काढू नये. मोडलेला पाय फळीस, आणि फळी नसेल तर दुसऱ्या चांगल्या पायास, बांधावा. मान वा पाठ दुखावली असेल तर उचलबांगडी न करता, शरीर सरळ ठेवून, चौघांनी मिळून उचलावे. पाणी किंवा चहा पाजू नये. आमच्याकडील मायाळू माणसे प्रथम हेच करतात, परंतु भरल्या पोटी भूल देणे धोक्याचे असते. १०८ क्रमांक घरातील लहान मुलांसही पाठ असावा. जखमीस पोहोचविणाऱ्यास नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, आणि केवळ मदत केली म्हणून त्याच्यावर खटला होऊ शकत नाही, असे संरक्षण २०१९ च्या दुरुस्तीने दिले आहे. तेव्हा पोलिसांच्या भयाने कोणी पुढे जाण्याचे टाळू नये. घरातील कोणाचा रक्तगट काय, हेही लिहून ठेवावे. वृद्धांच्या न्हाणीघरात धरावयास एक दांडी बसवावी. तिचा खर्च एका सणाच्या मिठाईइतकाही नाही.

आमच्या पुतण्याने आणखी एक गोष्ट केली आहे. गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे तो लाल चमकत्या पट्ट्यांची गुंडाळी घेऊन पाय ओढीत रस्त्यावर जातो आणि उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉल्यांस मागून पट्ट्या चिकटवितो. ट्रॉलीवाले प्रथम हसत असत. आता काही जण स्वतःच त्यास हाक मारून थांबवितात.

आणि एक देणे आमच्याकडेही बाकी आहे. त्या रात्री पायरीवर उभा राहून ज्याने मुलाचा पाय बांधून दिला, जे आपल्याजवळ नाही ते आहे असे सांगितले नाही, आणि पुढचे दार उघडावे म्हणून फोन केला, त्या विद्यार्थ्यास आम्ही तेव्हा एक शब्दही बोललो नव्हतो. तो दिवाळीनंतर घरी आला तेव्हा चहा झाला, बोलणे झाले; परंतु म्हाताऱ्या मास्तराच्या तोंडून आभाराचा शब्द निघाला नाही. हे मासिक त्याच्या घरी येते, हे आम्हांस ठाऊक आहे. तो शब्द आम्ही येथे लिहीत आहोत.